पहिली पुडी किती वर्षं लांबते?

तंबाखू मळायची एक रीत असते. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घ्यायची, त्यातल्या काड्या वेचून टाकायच्या, डबीतला चुना नखाच्या टोकानं काढून वर लावायचा आणि उजव्या अंगठ्यानं दाबून मळायचं. चुना जास्त झाला तर ओठ आतून सोलतो, कमी पडला तर तंबाखू 'लागत' नाही. मळून झाली की दोन-तीन टाळ्या मारून धूळ उडवायची आणि उरलेला बार खालच्या ओठाआड धरायचा. चुन्याचं काम इथे चवीचं नाही. त्याच्या क्षारामुळे पानातलं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून थेट रक्तात उतरतं.

ही सगळी रीत मी तिसरीतल्या पोराला बिनचूक करताना पाहिली आहे. जालना जिल्ह्यातल्या एका गावात, लिंबाच्या पारावर. तो स्वतः खात नव्हता, आजोबांसाठी मळून देत होता. आजोबांच्या बोटांना कंप होता आणि नातवाच्या अंगठ्यात जोर होता. पोरगं मोठ्या मायेनं मळत होतं. चुना किती लावायचा हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, रोज बघून आलं होतं.

शाळेतल्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांनी मुलं व्यसनापासून खरंच लांब राहतात का, हा प्रश्न मला या पारावरून विचारावासा वाटतो. 'अमली पदार्थ' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याच्या बातम्या येतात. अंबड, भोकरदन, मंठा, परतूरच्या मुलाच्या हाताला सगळ्यांत आधी लागतो तो अमली पदार्थ मात्र तंबाखूच. पुडीतली, गुटख्यातली, मिश्रीतली. गुटख्यावर राज्यात २०१२ च्या जुलैपासून बंदी आहे, तरी तो कुठल्या टपरीवर मिळतो हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

आधी वय बघू, कारण कार्यक्रम कधी घ्यायचा हे वयावर ठरतं. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी केली. त्यात ८.५ टक्के मुलं त्या काळात कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. महाराष्ट्राचा आकडा ५.१ टक्के होता. मुलगे ५.८ आणि मुली ४.४, म्हणजे दोघांत फार अंतर नाही. ज्यांना हा मुलग्यांचाच प्रश्न वाटतो त्यांनी घरातली मिश्री आठवावी. दाढ दुखली म्हणून आजीनं बोटावर दिलेली मिश्री ही कित्येक मुलींची पहिली तंबाखू असते. याच पाहणीतली एक गोष्ट मात्र या आकड्यांपेक्षाही जास्त टोचते. खायची-चघळायची तंबाखू घेणाऱ्या देशातल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी ती वयाची १० वर्षं पुरी व्हायच्या आत चाखली होती. दहाच्या आत म्हणजे चौथीच्या आत. आपली व्याख्यानं होतात आठवी-नववीत, कारण तिथली पोरं 'समजण्याच्या वयाची' असतात.

आता वर्षाचा हिशेब मांडू. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो, तेव्हा शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, पाठ्यपुस्तकं वाटायची असतात, पट जुळवायचा असतो, त्यात त्याच दिवशी शाहू महाराजांची जयंती. मग २ ऑक्टोबरपासूनचा व्यसनमुक्ती सप्ताह. परिपाठाला उजवा हात पुढे करून शपथ, प्रभातफेरी, घोषणा, एखादं चित्रकलेचं पोस्टर, होळीला तंबाखूच्या पुड्यांची होळी. सगळं मिळून वर्षाला फार तर तीन-चार तास. ते घेणारे शिक्षक मनापासून घेतात, हे मी पाहिलेलं आहे. पण तीन-चार तासांत आपण मुलाला नेमकं काय देतो?

माहिती देतो. तंबाखूनं कॅन्सर होतो, हे सांगतो. मुलाला ते आधीच ठाऊक असतं, पुडीवरचं सडलेल्या तोंडाचं चित्र त्यानं शंभरदा पाहिलेलं असतं. त्याच चित्रासकट पुडी खिशात घालून हिंडणारा, धडधाकट, ट्रॅक्टर चालवणारा काकाही त्यानं पाहिलेला असतो. कॅन्सर चाळीस वर्षांनी येणार आणि काका तर आज समोर आहे. दहा वर्षांचं पोर चाळीस वर्षांचा हिशेब करत नाही. पाचवीतलं पोर काय आणि आपण काय, लांबचा धोका आणि जवळचा माणूस यांत जवळचा माणूसच जिंकतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि तिथल्या शाळांनी १९८३ मध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. वर्दीतला पोलिस पाचवी-सहावीच्या वर्गात येई आणि आठवड्याला एक असे सतरा धडे घेई. पालक खूश, पोलिस खूश, पुढारी खूश. कार्यक्रम तिथल्या बहुतेक शाळांत पसरला. मग संशोधकांनी ज्या मुलांना हे धडे मिळाले आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांची तुलना केली. १९९४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर फरक जवळजवळ नव्हताच. १९९९ मध्ये केंटकी राज्यातल्या हजारभर मुलांचा दहा वर्षांनंतरचा माग प्रसिद्ध झाला. विशीत पोचलेल्या त्या मुलांत, धडे मिळालेली कोणती आणि न मिळालेली कोणती, हे त्यांच्या व्यसनावरून ओळखता येत नव्हतं. शेवटी 'डेअर'वाल्यांनाही जुना अभ्यासक्रम बदलावा लागला.

त्याहून कठीण गोष्ट वॉशिंग्टन राज्यात घडली. तिथे नुसती भाषणं नव्हती. चाळीस शालेय जिल्हे चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले, आठ हजारांवर मुलं घेतली, तिसरीपासून दहावीपर्यंत दरवर्षी धडे दिले. मोह कसा ओळखायचा, दबावाला कसं तोंड द्यायचं, सगळं शिकवलं. पंधरा वर्षं चाललेल्या या अभ्यासाचा निकाल २००० मध्ये आला. दोन्ही गटांत बारावीला साधारण चौथा हिस्सा मुलं रोज सिगारेट ओढत होती. फरक काहीच नाही. शाळेतल्या कार्यक्रमांविषयी आस्था असलेल्या माणसानं हा निकाल टाळू नये, आणि त्याच्यापाशी थांबूनही जाऊ नये.

कारण दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे, तोही आपल्याकडचा. २००४ ते २००६ या काळात दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांमध्ये 'मैत्री' नावाचा प्रकल्प झाला. सहावी आणि आठवीची मुलं घेतली. निम्म्या शाळांत दोन वर्षं कार्यक्रम चालवला, उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा कार्यक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला होता आणि कार्यक्रमाच्या शाळांत १७ टक्क्यांनी घटला होता. कार्यक्रमात होतं काय? वर्गातले खेळ आणि चर्चा, त्यांतल्या बऱ्याचशा मुलांनीच चालवलेल्या, घरी आईवडिलांना जाणारी पोस्टकार्डं, भिंतीवरची पोस्टरं, आणि मुलांनी स्वतः उभं राहून आपल्या वस्तीत बोलणं. याच प्रकल्पाच्या सुरुवातीच्या पाहणीत एक अनपेक्षित गोष्ट दिसली होती. सहावीतली मुलं आठवीतल्यांपेक्षा जास्त तंबाखू घेत होती. पुन्हा तोच मुद्दा, आपण उशिरा पोचतो.

मुंबईच्या महापालिका शाळांत सलाम बॉम्बे फाउंडेशन बरीच वर्षं काम करतं. मुंबईतल्या कामाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्थेचा कार्यक्रम असलेल्या शाळांत आठवी-नववीच्या ४.१ टक्के मुलांनी गेल्या तीस दिवसांत तंबाखू घेतल्याचं सांगितलं, कार्यक्रम नसलेल्या शाळांत ८.७ टक्क्यांनी. निम्म्याहून कमी. इथे शाळा चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या नव्हत्या, त्यामुळे मुळात कोणत्या शाळेतली वस्ती कशी होती हा प्रश्न थोडा उरतो. तरी हा कार्यक्रम एका दिवसाचा नव्हता, वर्षानुवर्षं चाललेला होता, हे लक्षात ठेवण्याजोगं.

जगभरचे असे १३४ अभ्यास २०१३ मध्ये एकत्र तपासले गेले, चार लाखांवर मुलांचे. नुसती माहिती देणाऱ्या कार्यक्रमांचा परिणाम दिसला नाही. मुलांना माणसांत वागायचं कौशल्य आणि दबाव ओळखून त्याला तोंड द्यायची सवय, या दोन्ही गोष्टी एकत्र शिकवणारे कार्यक्रम उपयोगी ठरले. पहिल्या वर्षात एकूण फरक दिसत नाही. वर्षाच्या पुढे जाऊन पाहिलं तर धूम्रपानाला सुरुवात करणाऱ्या मुलांची संख्या सरासरी १२ टक्क्यांनी कमी होते.

हे १२ टक्के म्हणजे किती, ते आपल्या गावच्या शाळेत बसवून पाहू. पट २०० आहे असं धरा. कार्यक्रमच नसता तर त्यातली ५० मुलं शाळा सोडेपर्यंत तंबाखूला लागली असती, असंही धरू. चांगला, चिवटपणे चालवलेला कार्यक्रम असेल तर ५० ऐवजी ४४ लागतील. सहा मुलं वाचली. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? मी म्हणेन, ती सहा मुलं कोण आहेत ते आधी बघा, मग बोला. पण चव्वेचाळीसांनाही विसरून चालणार नाही. त्यांच्यातल्या कित्येकांची पहिली पुडी नवव्या वर्षाऐवजी पंधराव्या वर्षी आली तर तीही मोठी कमाई आहे. जितक्या कोवळ्या वयात निकोटिन सुरू होतं तितकी त्याची पकड घट्ट बसते आणि पुढे सुटायला जड जाते. शाळा मुलाला जन्मभराचं कवच देऊ शकत नाही. ती वर्षं देऊ शकते. माझ्या मते कार्यक्रमाचं मोजमाप याच मापानं व्हावं: पहिली पुडी किती वर्षं लांबली?

मोजमाप हा शब्द आला आहे तर तिथे जरा थांबू, कारण खरी गोम तिथेच आहे.

शाळा तंबाखूमुक्त ठरवायचे केंद्र सरकारचे निकष आहेत. फाटकावर आणि आत फलक हवा, आवारात तंबाखूच्या खुणा नकोत, सहामाहीत एखादा उपक्रम हवा, जबाबदार शिक्षक नेमलेला हवा, कुंपणापासून १०० यार्डांवर पिवळी रेघ हवी. शाळेनं शंभर गुणांपैकी स्वतःला गुण द्यायचे. फोटो काढायचे, अॅपवर चढवायचे. हे निकष चांगलेच आहेत, शाळेच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या त्यांनी कमी केल्या. पण या शंभर गुणांतून शाळेनं काय काय केलं हे कळतं. मुलानं काय केलं हे कळत नाही. पूर्ण गुण मिळवलेल्या शाळेत किती पोरांच्या दप्तरात पुडी आहे, हे कुठल्याच फोटोत येत नाही.

ते मोजता येतं, आणि फार अवघडही नाही. वर्गात 'कोण तंबाखू खातं?' असं विचारलं तर एकही हात वर होणार नाही. पण कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, नाव लिहू नका म्हटलं, 'गेल्या ३० दिवसांत कधी घेतली का, होय की नाही' एवढंच विचारलं आणि चिठ्ठ्या बंद डब्यात टाकायला सांगितल्या, तर मुलं बरंच खरं लिहितात. मोठ्या अभ्यासांत लाळेचा नमुनाही घेतात, त्यात निकोटिनचा अवशेष काही दिवस सापडतो. चिठ्ठ्या जूनमध्ये एकदा, मार्चमध्ये एकदा. आणि तुलनेला दुसरी शाळा हवीच. वय वाढलं की वापर आपोआप वाढतो. नुसती एक शाळा पाहिली तर चांगला कार्यक्रमही फसल्यासारखा दिसेल. शेजारच्या शाळेत वापर दुप्पट झाला आणि आपल्याकडे तसाच राहिला, तर आपण जिंकलो. हे शेजाऱ्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

जालन्यात मात्र या मोजमापाला एक मोठं भोक आहे. दसरा-दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांच्यासोबत पोरं. कोणी वीटभट्टीवर जातं. मार्चमध्ये आपण चिठ्ठ्या वाटतो तेव्हा वर्गात उरलेली असतात ती मागे राहिलेली मुलं. फडात गेलेलं पोर तिथे रात्री दोनला उठून गाडी भरायला हात लावतं. झोप उडावी, भूक मरावी म्हणून मोठी माणसं बार भरतात, आणि त्यातलाच एक चिमूटभर पोरापर्यंत येतो. ज्याला व्यसनाचा धोका सर्वांत जास्त, त्याचीच चिठ्ठी डब्यात पडत नाही. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या मोजून 'आमच्या शाळेत वापर घटला' म्हणणं म्हणजे गळकी घागर वरून पुसण्यासारखं आहे. म्हणून माझ्या लेखी या जिल्ह्यातला व्यसनमुक्तीचा पहिला कार्यक्रम म्हणजे पोराला हंगामात गावातच ठेवणं, मग ते हंगामी वसतिगृहात असो नाहीतर आजीपाशी. त्यावर 'व्यसनमुक्ती' असं लिहिलेलं नसलं तरी.

आता शिक्षकांकडे येतो, आणि हे लिहिताना मला जड जातं. मी जेव्हा शाळेत शिकवायचो तेव्हा आमच्यापैकी एक गुरुजी फार चांगलं गणित शिकवत. मधल्या सुट्टीत ते हुशार पोरालाच हाक मारत, "जाय बरं, एक पुडी घेऊन ये." हुशार पोरगं धावत जाई. त्यात त्याला मान वाटे. मी सहा वर्षं ते पाहिलं आणि एकदाही बोललो नाही. त्या सहा वर्षांत आम्ही शपथाही घेतल्या. पुडी आणणाऱ्या पोरानं त्या दोन गोष्टींतून काय काढलं असेल, याचा विचार मी नोकरी संपल्यावर केला.

बिहारमध्ये ७२ सरकारी शाळांत हाच धागा धरून अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथे मुलांना काहीच शिकवलं नाही, शिक्षकांनाच तंबाखू सोडायला मदत केली. चर्चा, मुख्याध्यापकांचा पाठिंबा, शाळेचा स्वतःचा नियम. कार्यक्रम संपल्यावर नऊ महिन्यांनी पाहिलं तर तंबाखू घेणाऱ्या शिक्षकांपैकी १९ टक्क्यांनी सहा महिने तिला हात लावला नव्हता, दुसऱ्या शाळांत ७ टक्क्यांनी. महाराष्ट्रात चारातला एक प्रौढ तंबाखू घेतो, असं २०१६-१७ च्या पाहणीत दिसलं होतं. शिक्षक त्याच समाजातून येतात. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. सोडायला मदत दिली तर होतं, हे बिहारनं दाखवलं.

टपरीबद्दल थोडक्यात सांगतो. २००३ च्या कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, कोणालाच विकता येत नाही. दंड जास्तीत जास्त २०० रुपये. बाल न्याय कायद्यात मात्र मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ही दुसरी तरतूद टपरीवाल्याला कोणी सांगत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या चार माणसांनी जाऊन, भांडण न करता, नुसती सांगितली तरी बरण्या आत जातात. माझ्या अनुभवात हे व्याख्यानापेक्षा लवकर काम करतं. आणि त्या बरण्यांशेजारी लटकणारी गोड सुपारीची पाकिटंही पाहून घ्या. त्यात तंबाखू नसते म्हणून आपण ती सोडून देतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, आणि तिच्यामुळे गालाची आतली बाजू ताठ होत जाऊन तोंड उघडेनासं होतं. मुलाला त्याचीच तीन बोटं जोडून उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर डॉक्टरकडे न्या.

तंबाखूच्या पलीकडचंही काही जालन्यात पोचलेलं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर हुंगणारी पोरं मोंढ्याच्या, स्टेशनच्या आसपास दिसतात. तिकडे छत्रपती संभाजीनगरात झोपेच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात आणि ते शहर इथून साठ किलोमीटरवरच आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात एक बाब स्पष्ट दिसली. हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे, १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. हे एकाच नशेच्या बाबतीत असं उलटं आहे. आणि इथेच शाळेनं जपून पाऊल टाकायला हवं. काय हुंगतात, कसं हुंगतात, त्यानं काय वाटतं, हे साठ मुलांपुढे सांगितलं तर अठ्ठावन्न जणांना नवी माहिती मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक मानकांतही हेच आहे. नुसती भाषणं, भीती घालणं, पूर्वी व्यसनी असलेल्या माणसाला वर्गापुढे उभं करणं, यांचा उपयोग दिसत नाही, कधी उलट परिणाम होतो. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाचे अनुभव उपचार घेणाऱ्याला बळ देतात. १९८६ पासून पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं ते किती घरांना दिलं आहे. पण ते बळ व्यसनात अडकलेल्यासाठी असतं. ज्याला अजून काहीच ठाऊक नाही अशा सहावीच्या पोराला त्यातून एवढंच दिसू शकतं, की माणूस खाऊनही बरा होतो आणि त्याला टाळ्या मिळतात.

मग काय करावं? मला सर्वांत जास्त विचारात पाडणारा प्रयोग व्यसनाचं नावही न घेणारा आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९८५ च्या सुमारास पहिली-दुसरीच्या वर्गांत 'चांगल्या वागणुकीचा खेळ' खेळवला गेला. वर्गाचे तीन गट करायचे. प्रत्येक गटात शांत आणि दांडगट मुलं मिसळलेली. फळ्यावर चार साधे नियम. आठवड्यातून तीनदा, सुरुवातीला दहा-दहा मिनिटं, मुलं आपापलं काम करत असताना खेळ चालायचा. ज्या गटाच्या चुका चारच्या आत राहतील तो जिंकला, आणि तिन्ही गट जिंकू शकतात. एवढंच. सहा वर्षांच्या दांडगट पोराला पहिल्यांदा कळतं की आपण गप्प बसलो तर आपला गट जिंकतो आणि सगळे आपल्याकडे आदरानं बघतात. हीच मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पाहिली, तर हा खेळ खेळलेल्या मुलग्यांत अमली पदार्थांच्या विकारांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर होतं. सर्वांत जास्त फायदा पहिलीत सर्वांत जास्त त्रास देणाऱ्यांना झाला. खर्च म्हणाल तर खडू.

आणि एक गोष्ट मला परदेशी धड्यांत कधी सापडली नाही, कारण ती आपलीच आहे. त्यांचे धडे मित्राला 'नाही' म्हणायला शिकवतात. आपल्याकडे पहिली पुडी मित्र देत नाही. आजोबा, मामा, थोरला भाऊ, कधी गुरुजी देतात, आणि तेही खायला नव्हे, आणायला, मळायला. आपल्या घरात मोठ्यांना 'नाही' म्हणता येत नाही, म्हणू नये असंच आपण शिकवतो. मग मुलानं काय म्हणावं? त्याला नकार आणि मान, दोन्ही एकत्र लागतात. त्यासाठी शब्द हवेत, आणि ते तोंडात बसायला हवेत. नुसते वाचून ते बसत नाहीत, तोंडानं म्हणून पाहावे लागतात.

एका शाळेत चौथीच्या वर्गात हे करून पाहिलं. एक मुलगा आजोबा झाला, अंगावर उपरणं. एकेकानं पुढे यायचं, आजोबा म्हणणार, "पुडी आण." पहिला मुलगा नुसताच हसला. दुसरा म्हणाला, "दुकान बंद हाय," तेव्हा वर्ग ओरडला, "खोटं!" तिसऱ्यानं खाली मान घातली. मग मीच एक वाक्य सुचवलं, "आबा, सरांनी मला दुकानात जायला मना केलंय." मोठ्या माणसाला नकार द्यायचा तर दुसऱ्या मोठ्या माणसाचा आधार लागतो, म्हणून सरांचं नाव. ते मुलांना पटलं, चार-पाच जणांनी तेच म्हणून दाखवलं. शेवटी एक मुलगी उठली. ती आजोबांपुढे गेली, वाकून त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आबा, पाणी आणून देते. पुडी तुमची तुम्ही आणा."

आजोबा झालेल्या मुलाला पुढे काय बोलावं ते कळेना. त्यानं उपरणं काढलं आणि जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पाच मुलांनी सांगितलं, घरी म्हणून पाहिलं. दोघांना बोलणी बसली. दोघांचे आजोबा हसले. पाचवी म्हणाली, "आबा काहीच बोलले नाहीत सर. सोता उठून गेले."